आमच्या बी.एड. कॉलेजचे विद्यापीठ होताना

३ जुलै २०२५

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली आहे. मोठ्या माणसांवर पुढे गौरवग्रंथ निघतात आणि तेव्हा संपादक मंडळाची साधनांवाचून फार ओढाताण होते. माझ्या बाबतीत ती होऊ नये.

घटना अशी. आमच्या संस्थेचे अध्यक्ष यादवराव देवरे, म्हणजे आप्पा, यांनी सकाळी मला घरी बोलावले. आप्पांचा मूळ धंदा सटाण्यात कांद्याचा. संस्था त्यांना वडिलांकडून आली. चहा घेताना म्हणाले, "गोरक्षराव, आपल्या बी.एड. कॉलेजचं विद्यापीठ करून टाकू. आजकाल सगळेच करतात." मी म्हणालो, विचार स्तुत्य आहे. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुलगुरू कुठून आणायचा, तेवढंच बघावं लागंल. तशी घरात माणसं आहेत म्हणा."

घरातली माणसं! मी, गोरक्ष अहिरराव, उभी हयात या कॉलेजात घालवली. गेली कित्येक वर्षे प्रभारी प्राचार्य आहे. प्रभारी एवढ्यासाठीच की कायमचा प्राचार्य नेमायला संस्थेला अजून सवड झालेली नाही. आप्पांनी याहून स्पष्ट काय सांगायचे? त्यांची सून तेजल शेजारीच लॅपटॉप घेऊन बसली होती. नुकतीच पीएच.डी. झाली आहे. ती माझ्याकडे बघून हसली. गुणी मुलगी.

घरी येऊन चंद्रभागाला सांगितले. माझी पत्नी. तिचे माहेर बागलाणातले, सटाण्याकडचे, त्यामुळे मनापासून बोलायचे असले की अहिराणीत बोलते. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमनं नाव लिधं का त्यास्नी?"

नाव घ्यायची गरजच काय, असे मी विचारले. ती मेथी निवडत राहिली.

११ जुलै

प्राध्यापकांची बैठक घेतली. विषय जाहीर करण्यापूर्वी थोडा इतिहास सांगितला. आप्पांच्या वडिलांनी नाशिक रोडला स्टेशनजवळ दोन खोल्यांत मास्तर तयार करायचा वर्ग काढला. त्याचे डी.एड. कॉलेज झाले. मग असा काळ आला की प्रवेशासाठी आमदारांच्या चिठ्ठ्या यायच्या आणि आम्ही त्या ऐटीत बाजूला ठेवायचो. मग शिक्षकभरती थांबली आणि आम्हीच चौकात उभे राहून पत्रके वाटू लागलो. डी.एड. बंद पडले. बी.एड. कसेबसे तगले. आणि आता विद्यापीठ! माझा आवाज जरा भरून आला, हे मी लपवत नाही.

प्रा. राखी गांगुर्डे यांनी हात वर केला. मराठी अध्यापन पद्धती शिकवतात, हुशार आहेत, पण चिकित्सक वृत्ती अंमळ जास्त. "सर, विद्यापीठ झाल्यावर बी.एड.चं काय?"

"बी.एड. हा पाया राहील," मी म्हणालो.

"म्हणजे वरून दिसणार नाही," त्या म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो. कुलगुरूला विनोदबुद्धी हवी.

२६ जुलै

ओझरच्या बाजूला संस्थेची जमीन आहे, तिथे इमारत उभी राहते आहे. डोक्यावरून तिथल्या विमान-कारखान्याची विमाने जातात, तेवढा वेळ बोलणे थांबवावे लागते. माझ्या व्याख्यानशैलीला हे सोयीचे आहे. विरामाला मी नेहमीच महत्त्व देत आलो.

आवाराच्या कडेला कुलगुरू निवास होणार. आप्पा म्हणाले, "जरा लक्ष घाला, गोरक्षराव, तुम्हाला समजतं." मी ओळखले. चंद्रभागाला घेऊन गेलो आणि सगळे तिच्या पसंतीने ठरवले. देवघर, फरशी, कपडे वाळत घालायला मागे जागा. ती ठेंगणी आहे, म्हणून स्वयंपाकघराचा ओटाही तिच्या मापाने बुटका बांधायला सांगितला. ती हात लावून लावून सगळे बघत होती. इतकी खूश तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. परतीच्या वाटेवर मात्र म्हणाली, "हाऊ बंगला आपलाच शे ना? नक्की?"

बायकांचा स्वभाव संशयी असतो.

८ ऑगस्ट

तेजल रोज फोन करते. अभ्यास मंडळ कसे नेमतात, परीक्षा कशा घेतात, पदवीदानाच्या मिरवणुकीत कोणामागे कोण चालतो. मी सांगतो, ती टिपून घेते. उद्या माझ्या हाताखाली काम करायचे म्हणून आतापासून तयारी करते आहे. तरुण पिढी आळशी आहे असे लोक उगाच म्हणतात.

१६ सप्टेंबर

अडचण. विद्यापीठ म्हटले की अनेक विभाग लागतात. आम्ही गेल्या वर्षी व्यवस्थापन, कायदा, संगणक, पत्रकारिता असे विभाग काढले. विभागांना पाट्या आहेत, पंखे आहेत, विद्यार्थी नाहीत. व्यवस्थापनात एक बंटी नावाचा मुलगा होता, तोही गेल्या दिवाळीपूर्वीच मोबाइलच्या दुकानात लागला. आणि पुढच्या महिन्यात मुंबईहून मंजुरीसाठी समिती येणार आहे. ती वर्ग चालू बघणार.

आप्पा म्हणाले, "तुम्हीच काहीतरी करा. आता सगळं तुमच्यावर."

आता सगळं माझ्यावर!

१७ सप्टेंबर

सुचले! अंघोळ करताना सुचले.

बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन असते. छात्राध्यापकांना खऱ्या शाळेत पाठवण्यापूर्वी आम्ही त्यांना एकमेकांपुढे शिकवायला लावतो. एक जण शिक्षक होतो, बाकीचे पाचवीतली मुले होतात. मिशीवाले बाप्ये आणि लेकुरवाळ्या बाया वर्षानुवर्षे आमच्याकडे पाचवीतली मुले होत आल्या आहेत. मग त्यांनी एक दिवस कायद्याचे आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी व्हायला काय हरकत आहे? ही फसवणूक नव्हे. ही भूमिका-पालन पद्धती आहे.

राखीबाईंना सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सर, आपली मुलं फक्त एकच भूमिका शिकलीयत."

तालीम घेऊ, मी म्हणालो.

४ ऑक्टोबर

तालीम झाली. सोमनाथला व्यवस्थापनाचा वर्गप्रमुख केला. दिंडोरीकडचा आहे, चांगला तिशीचा, ओझरला कंत्राटी कामगार होता. टाय बांधून दिला. म्हणाला, "सर, मला लय गुदमारतंय. आन् समितीनं कायतरी विचारलं तर?"

"आत्मविश्वासाने बोलायचे. विद्यार्थी म्हणून वागायचे."

"त्ये येतंय मला," तो म्हणाला. मी निश्चिंत झालो.

११ ऑक्टोबर

समिती आली. सविस्तर लिहितो, कारण असा दिवस रोज येत नाही.

समितीचे अध्यक्ष डॉ. अनंत टिळेकर. उंच, पांढरे केस, लवकरच निवृत्त होणारे. पूर्वी कुठल्याशा अध्यापक महाविद्यालयातच शिकवत होते, मग वर वर चढत कार्यालयांत गेले. बरोबर दोन सदस्य. त्यांचे लक्ष जेवणाकडे होते.

आधी ओझरच्या नव्या इमारतीतला व्यवस्थापन विभाग. आम्ही दारात पाऊल टाकले आणि अख्खा वर्ग उभा राहून एका सुरात म्हणाला, "न-म-स्ते, स-र!"

टिळेकर म्हणाले, "बसा." सगळे बसले, आणि हाताची घडी, तोंडावर बोट.

टिळेकरांनी विचारले, "व्यवस्थापन म्हणजे काय, कोण सांगेल?"

"सर मी! सर मी! सर मी!" पन्नासेक हात वर. काही जण बाकावर गुडघे टेकून. दोन मुलांची आई असलेली शकुंतला ठाकरे जोरात म्हणाली, "सर, सोमनाथ माझी पट्टी देत नाही!" आणि टाय बांधलेला सोमनाथ उभा राहून करंगळी वर करून म्हणाला, "सर, मी जाऊन येऊ?"

नेमके तेव्हा विमान गेले, म्हणून मी काय पुटपुटलो ते कोणाला ऐकू आले नाही.

आवाज थांबला तेव्हा टिळेकर फळ्यापाशी उभे होते आणि त्यांच्या हातात खडू होता. चेहरा बदलला होता. म्हणाले, "मुलांनो, तुमच्या घरी सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं?"

"आई!"

"डबा कोण भरतं?"

"आई!"

"दूध उतू जातंय, बाबा टॉवेल मागतायत, तुमचा मोजा सापडत नाही. तरी तुम्ही शाळेत वेळेवर येता. हे कसं जमतं?"

मग सोमनाथ म्हणाला, "आई सगळं आदी ठरवून ठेवती."

"शाब्बास. तर आज आपण व्यवस्थापन हा घटक शिकणार आहोत." आणि ते शिकवू लागले. काय शिकवले! घंटा झाली तरी थांबेनात. सदस्यांनी घड्याळे दाखवली. कायद्याचा वर्ग कोट घालून घामाघूम बसला होता, त्याच्याकडे कोणी फिरकलेच नाही. एक सदस्य मला कानात म्हणाला, "तुमचे विद्यार्थी फार निरागस आहेत."

बाहेर आल्यावर टिळेकर रुमालाने हातावरचा खडू पुसत होते. "अहिरराव," म्हणाले, "किती वर्षांनी वर्ग मिळाला." त्यांना सगळे समजले होते की काहीच नाही, ते मला अजून उमगलेले नाही.

जेवणानंतर त्यांनी कुलगुरू निवास पाहिला. फार बारकाईने. बोअरचे पाणी जड आहे का? पूर्वेची खिडकी कोणत्या खोलीला? रात्रीपण विमाने जातात का? भाजी कुठे मिळते? इतका कर्तव्यदक्ष अध्यक्ष मी पाहिलेला नाही.

१२ ऑक्टोबर

रविवार असूनही टिळेकर पुन्हा बंगला बघायला आले. आज सौभाग्यवतींनाही घेऊन. समितीत कुटुंबीय असतात हे मला माहीत नव्हते, पण नियम बदलत असतात.

चंद्रभागा पडद्यांचे माप घ्यायला तिथे आलेली होती. टिळेकरवहिनी नवऱ्याएवढ्याच उंच. त्यांनी ओट्यापाशी उभे राहून वाकून बघितले आणि म्हणाल्या, "हा फार बुटका आहे हो. कंबर जाईल माणसाची." पर्समधून टेप काढून मोजलाही.

गाडीत चंद्रभागा म्हणाली, "ती बाई ओटा कसाले मोजी ऱ्हायनी?"

कशाला मोजला ते मी समजावले, की अहवालात त्रुटी काढतात आणि त्यांची पूर्तता करावी लागते. सोमवारीच गवंडी लावून ओटा वाढवून घेतो. त्रुटीला जागाच ठेवायची नाही.

२० ऑक्टोबर

ओटा झाला. चंद्रभागाने पाहिला. तिच्या छातीला लागतो. "आते मी पाटवर उभी ऱ्हाईसन रांधू का?" एवढेच म्हणाली. दिवाळीचा फराळ यंदा बाहेरून आणला.

२९ नोव्हेंबर

अहवाल अनुकूल! "विद्यार्थ्यांचा सहभाग विलक्षण" असा शेरा आहे. आप्पांनी पेढा भरवला. राखीबाई म्हणाल्या, "सर, तुम्हाला नेमणुकीचं काही पत्र वगैरे?" मी म्हणालो, औपचारिकता आहे. त्या म्हणाल्या, "सर, राग मानू नका, पण एकदा तोंडावर विचारून टाका ना आप्पांना."

विचारले तर हावरटपणा दिसेल. या पदाला एक अदब असते.

खरे लिहायचे तर विचारायची भीती वाटते.

१८ जानेवारी २०२६

आज उद्घाटन होते. आज नको.

१९ जानेवारी

लिहून टाकतो.

मी नवा कोट शिवला होता. पहिल्या रांगेत होतो, शेजारी चंद्रभागा पैठणीत. सटाण्याहून तिचे भाऊ आले होते. निवेदिकेने आधी जाहीर केले, कुलपती यादवराव देवरे. टाळ्या. मग प्र-कुलपती डॉ. तेजल देवरे. टाळ्या. मला वाटले, वा, पोरीला छान संधी मिळाली. मग निवेदिका म्हणाली, "आणि आता पहिले कुलगुरू. शिक्षणशास्त्राचे जाणकार, शिक्षक घडवण्यात हयात घालवलेले, अत्यंत मितभाषी..."

मी उठलो. कोटाचे बटण लावले.

"...डॉ. अनंत टिळेकर!"

मी उभाच. मागे शेकडो माणसे. बसावे तर सगळ्यांना दिसणार. म्हणून मी टाळ्या वाजवायला लागलो. जोरजोरात. ते पाहून मागचे उठले, त्यांच्यामागचे उठले, आणि अख्खा मंडप टिळेकरांसाठी उभा राहिला. आजच्या पेपरात फोटो आला आहे. "कुलगुरूंना उभे राहून मानवंदना." सगळ्यात पुढे मी आहे, हसताना.

संध्याकाळी आप्पांनी खांद्यावर हात ठेवला. "गोरक्षराव, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही घरचे. घरच्या माणसाला कशाला लागतं पद? आणि तुमचं प्रभारी आहेच की."

मला वाईट वाटले आहे. राग आला आहे. आप्पांचा, तेजलचा, टिळेकरांचा, त्या टेपवाल्या बाईंचा, आणि माझा स्वतःचा सगळ्यांत जास्त. चंद्रभागाला सहा महिने सगळे दिसत होते आणि मी तिला गप्प करत होतो. आज तिने मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही. वांग्याचे भरीत केले, कळण्याची भाकरी केली आणि पैठणी घडी घालून कपाटात ठेवली. बोलली असती तर बरे झाले असते.

१६ फेब्रुवारी

विद्यापीठ ओझरला गेले. आम्ही नाशिक रोडलाच राहिलो, कारण सरावाच्या शाळा सगळ्या इकडे आहेत आणि ओझरला माळाशिवाय शिकवायला काही नाही. मला "अधिष्ठाता (प्रभारी)" अशी पाटी मिळाली. ती राखीबाईंनी स्टाफरूमच्या दारामागे लावली आहे. दार उघडले की झाकली जाते. त्यांनी हे मुद्दाम केले असावे. आभार मानायचे राहून गेले.

१० मार्च

टिळेकरांचा फोन. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची आणखी एक पाहणी आहे. "तुमची मुलं पाठवा ना, अहिरराव. त्या दिवशीसारखी."

इतकी वर्षे मी या संस्थेत कोणाला नाही म्हटलेले नाही. आज म्हणालो. "जमणार नाही, सर. आमचे वार्षिक पाठ आहेत. मुलांची परीक्षा आहे ती."

"निम्मी तरी?"

"एकही नाही."

पलीकडे विमान गेले. मग ते म्हणाले, "इथे कोणी नाहीये हो. तेजलबाई मुंबईला असतात. आप्पा रविवारी गाडी घेऊन चक्कर मारतात. मी सकाळी आंघोळ करून येतो आणि केबिनमध्ये बसतो. विभागांतून फिरतो. पंखे बंद करतो." मग म्हणाले, "मी कुलगुरू कोणाचा, सांगाल?"

या माणसाची अशी गत व्हावी म्हणून मी जानेवारीपासून मनात काय काय म्हटले आहे, ते इथे लिहिण्याजोगे नाही. आता ती झाली होती, आणि मला मुळीच आनंद झाला नाही. कॉलेज बंद पडते की काय या काळजीत मी रिकाम्या वर्गांतून असाच हिंडलो आहे.

म्हणालो, "सर, आमचे बाहेरचे परीक्षक येत नाहीयत. कुंभमेळ्यासाठी सगळीकडे रस्ते खणलेत, त्यांना कोणीतरी भीती घातली. तुम्ही येता का पाठ बघायला?"

"कधी?" त्यांनी इतक्या घाईने विचारले की मला हसू आले.

१७ मार्च

पाहणी टिळेकरांनी पुढे ढकलली. कारण दिले, कुंभमेळ्याचे रस्ते. त्याच रस्त्यांवरून ते शाळा भरायच्या आधी जेलरोडला येऊन आमच्या सरावाच्या शाळेच्या फाटकापाशी उभे होते.

पहिला पाठ सोमनाथचा. सहावीचा वर्ग, अपूर्णांक. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. बाक सहावीच्या मापाचा, त्यामुळे टिळेकरांचे गुडघे हनुवटीला लागत होते.

सोमनाथने पिशवीतून भाकरी काढली. खरी, घरून आणलेली. "माझ्याकडं एक भाकर हाय, आन् आम्ही जेवणार चौघं," म्हणाला. मग थबकला, आमच्याकडे चोरून पाहिले आणि प्रमाण भाषेत पुन्हा सांगू लागला. टिळेकरांनी मागूनच हाताने खूण केली, तसंच चालू दे. मग गडी खुलला. मुलांनी भाकरीचे भाग पाडले, भांडण झाले, एकाचा तुकडा मोठा निघाला, तो का मोठा ते फळ्यावर आले. मुलांना समजत होते. ते समजतानाचे चेहरे मी किती दिवसांनी बघत होतो! विद्यापीठाच्या नादात मी वर्षभर एकही पाठ पाहिला नव्हता. त्या तासाभरात मला कुलगुरूपदाची आठवण एकदाही झाली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येते आहे.

मधेच आमच्या पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळली. दोन वेण्या, तोंडात भाकरी. टिळेकरांना म्हणाली, "तुम्ही कोण?"

"कुलगुरू," टिळेकर हळूच म्हणाले.

"म्हणजे मोठे सर का?"

टिळेकरांनी माझ्याकडे पाहिले. मी तिला म्हणालो, "मोठे सर ते पुढे उभे आहेत ना. बोलू नकोस, ते ओरडतील."

ती पटकन पुढे वळली. आम्हीही हाताची घडी घातली आणि फळ्याकडे बघू लागलो.